मनोविकृतीग्रस्त तरुणांचे शारीरिक आरोग्य : पालकांनी काय पाहावे

मनोविकृती, म्हणजेच वैद्यकीय परिभाषेतील सायकोसिस, हा आजार बहुधा पौगंडावस्था ते तिशी या काळात प्रथम डोके वर काढतो. प्रत्यक्षात नसलेले आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की समजूत होणे, विचारांची संगती तुटणे ही त्याची ठळक लक्षणे होत. स्किझोफ्रेनिया हा त्यातील सर्वांत परिचित प्रकार. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने देशातील १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, १.४ टक्के प्रौढांना आयुष्यात केव्हा ना केव्हा या गटातील आजार झालेला असतो. अशा घरात सर्वांचे लक्ष मनाकडे लागलेले असते आणि ते स्वाभाविक आहे. तथापि, तीव्र मानसिक आजार असलेल्या व्यक्तींचे आयुर्मान इतरांच्या तुलनेत १० ते २० वर्षांनी कमी असते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. यातील बहुसंख्य मृत्यू आत्महत्येमुळे होत नाहीत. हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे विकार, संसर्ग अशा शरीराच्या आणि पुष्कळ अंशी टाळता येण्याजोग्या आजारांमुळे ते होतात.

मराठी घरांत एखाद्याची ‘तब्येत सुधारली’ असे म्हटले जाते, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा वजन वाढले असा असतो. महिनोन्‌महिने धड न जेवलेला, रात्र रात्र जागणारा, अंघोळीचेही भान नसलेला मुलगा उपचारांनंतर ताटावर बसू लागतो, पुन्हा भात मागून घेतो, त्याचे गाल भरतात. आईला त्यात आजार हटल्याची खूण दिसते आणि ती खूण अगदीच खोटीही नसते. परंतु त्याच आठवड्यांत शरीरात दुसरी एक घडामोड सुरू झालेली असते. तिच्याकडे लक्ष देण्याची योग्य वेळ हीच असते. पाच वर्षांनी रक्तातील साखर वाढल्यावर आणि २० किलो वजन अंगावर बसल्यावर तेच काम कितीतरी अवघड होते.

पहिल्या तीन महिन्यांचे महत्त्व

मनोविकृतीवरील पहिले प्रभावी औषध, क्लोरप्रोमझिन, १९५२ मध्ये पॅरिस येथे वापरात आले. त्या पिढीतील औषधांमुळे अनेक रुग्णांच्या हातापायांना कंप सुटे, शरीर ताठर होई. १९९० च्या दशकात रिस्पेरिडोन, ओलांझापिन, क्वेटियापिन ही नव्या पिढीची औषधे आली. कंप आणि ताठरपणाचा त्रास बराच कमी झाला. त्याच्या जागी वजनवाढ आणि मधुमेहाचा धोका आला. या बाबतीत सर्व औषधे सारखी नाहीत. क्लोझापिन आणि ओलांझापिन यांनी वजन सर्वाधिक वाढते. रिस्पेरिडोन व क्वेटियापिन मधल्या पायरीवर आहेत, तर ॲरिपिप्राझोल, ल्युरासिडोन, झिप्रासिडोन यांचा परिणाम तुलनेने सौम्य असतो.

मात्र ‘सौम्य’ हा शब्द प्रौढांच्या अनुभवावरून आलेला आहे. यापूर्वी कधीही ही औषधे न घेतलेल्या कोवळ्या वयातील रुग्णांवर त्यांचा परिणाम अधिक वेगाने होतो. अमेरिकेत ४ ते १९ वर्षे वयाच्या २७२ मुलामुलींच्या पाहणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ११ आठवड्यांच्या काळात ओलांझापिन घेणाऱ्यांचे वजन सरासरी साडेआठ किलोने, क्वेटियापिन घेणाऱ्यांचे सहा किलोने, रिस्पेरिडोन घेणाऱ्यांचे पाच किलोहून अधिक, तर ॲरिपिप्राझोल घेणाऱ्यांचेही चार किलोहून अधिक वाढले होते. औषध न घेतलेल्या मुलांचे वजन जवळजवळ होते तेवढेच राहिले.

यामागील कारण समजून घेणे पालकांसाठी महत्त्वाचे आहे, कारण त्यावरच मुलाशी वागण्याची रीत ठरते. ही औषधे मेंदूतील हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांच्या ग्राहकांवरही परिणाम करतात. त्यामुळे भूक वाढते आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोहोचत नाही. रात्री दोन वाजता डबे उघडून फरसाण खाणारा तरुण हावरट झालेला नसतो. त्याला खरोखरच भूक लागलेली असते. त्यातच औषधाची गुंगी, आजाराने आलेली निरिच्छता आणि घराबाहेर पडण्याची भीती यांमुळे हालचाल घटते. काही औषधे इन्शुलिनच्या कार्यावरही परिणाम करतात. म्हणूनच वजन फारसे न वाढलेल्या रुग्णातही साखर वाढलेली आढळू शकते.

सगळा दोष गोळीवर टाकणेही बरोबर नाही. मनोविकृती आणि मधुमेह यांचे नाते ही औषधे येण्याच्या कितीतरी आधी लक्षात आले होते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ हेन्री मॉडस्ली यांनी १८७९ मध्येच वेडाचे आजार असलेल्या कुटुंबांत मधुमेह वारंवार आढळत असल्याची नोंद केली होती. औषध सुरू होण्यापूर्वीच पहिल्या झटक्यातील अनेक रुग्णांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता बिघडलेली असते, हे अलीकडच्या संशोधनानेही दाखविले आहे. त्यातून भारतीय माणूस मधुमेहाला लवकर बळी पडतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, देशात मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. आई किंवा वडिलांना मधुमेह असेल, तर ती गोष्ट मनोविकारतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगणे आवश्यक आहे. औषधाची निवड त्यामुळे बदलू शकते.

ही वजनवाढ अटळ मात्र नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या बॉन्डाय भागात पहिल्यांदाच मनोविकृती झालेल्या तरुणांसाठी परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि व्यायामतज्ज्ञ यांच्या साह्याने १२ आठवड्यांचा कार्यक्रम राबविण्यात आला. त्यात सहभागी झालेल्यांचे वजन सरासरी १.८ किलोने वाढले, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे ७.८ किलोने. पाहणी लहान होती, सहभागी तरुण तिसाहून कमी होते. परंतु औषधे न बदलताही किती फरक पडू शकतो, याची कल्पना त्यावरून येते.

वही, टेप आणि वजनकाटा

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधिक दुर्लक्षित उपाय म्हणजे औषध सुरू होण्याच्या दिवशी, किंवा त्याच आठवड्यात, वजन नोंदविणे. गजबजलेल्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना प्रत्येक रुग्णामागे मोजकी मिनिटे मिळतात. आवाज कमी झाले का, झोप लागते का, एवढे विचारून चिठ्ठी लिहिली जाते. वजनकाटा कोपऱ्यात राहतो. त्यामुळे हे काम घराने उचलणे इष्ट ठरते. एका साध्या वहीत तारीख, वजन, बेंबीच्या पातळीवर शिंप्याच्या टेपने मोजलेला कमरेचा घेर आणि सुरू असलेल्या औषधांची नावे व मात्रा लिहावी. पहिले दीड-दोन महिने दर आठवड्याला आणि त्यानंतर महिन्यातून एकदा, एवढे पुरे. रोज वजन करायला लावणे मात्र छळाचे होते.

भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही कमरेच्या घेराची धोक्याची पातळी मानली जाते. तथापि, तिची वाट पाहत बसू नये. मूळ वजनाच्या ५ टक्के वाढ झाली, म्हणजे ५० किलोच्या मुलीचे वजन अडीच किलोने वाढले, की डॉक्टरांशी त्याविषयी बोलावे. औषध बदलण्याचा विचार या टप्प्यावर करावा, अशी शिफारस अमेरिकेतील मधुमेह आणि मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २००४ मध्येच केली होती. उपाशीपोटीची साखर किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी चाचणी, कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड, तसेच रक्तदाब या तपासण्या सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि पुढे किमान वर्षातून एकदा व्हाव्यात. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ च्या दरम्यान असेल, तर ती मधुमेहाच्या उंबरठ्याची सूचना समजावी. १२६ किंवा त्याहून अधिक आढळल्यास मधुमेहाचे निदान पक्के करण्यासाठी पुन्हा तपासणी केली जाते.

येथे आपल्या आरोग्यव्यवस्थेतील एक फट लक्षात घ्यावी लागते. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात रक्तदाब आणि मधुमेहाची सरसकट तपासणी वयाच्या तिशीपासून केली जाते. विशी-बाविशीतला तरुण त्या चाळणीत येतच नाही. मनोविकार विभाग म्हणतो, साखर पाहणे आमचे काम नव्हे. सामान्य डॉक्टर म्हणतो, या वयात साखर कशाला पाहायची? दोघांच्या मध्ये वही घेऊन उभे राहण्याचे काम पालकांकडे येते. ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर चळवळ उभी करणारे डॉ. डेव्हिड शायर्स हे स्वतः सामान्य डॉक्टर आणि स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलीचे वडील. त्यांच्या आणि दिवंगत डॉ. हेलन लेस्टर यांच्या प्रयत्नांतून तेथे डॉक्टरांसाठी एक पानी मार्गदर्शक तक्ता तयार झाला. केवळ तपासण्या करून थांबू नका, आढळलेल्या दोषावर लगेच उपाय करा, हे त्याचे सूत्र आहे. आपल्याकडे तपासणीचा कागद फाइलमध्ये लावून ठेवण्याची जी सवय आहे, तिला हे सूत्र नेमके लागू पडते.

तपासणीत दोष आढळल्यास मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील जुने आणि स्वस्त औषध वजनवाढ रोखण्यासाठी वापरले जाते. चीनमध्ये पहिल्या झटक्यातील १२८ रुग्णांवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहार-व्यायामाच्या जोडीने मेटफॉर्मिन दिल्यास सर्वांत चांगला परिणाम दिसला. ते द्यावे की नाही आणि किती द्यावे, हे अर्थातच डॉक्टरांनी ठरवायचे असते. परंतु अशी सोय आहे हे पालकांना ठाऊक असावे आणि त्यांनी तसे विचारावे.

ताट सर्वांचे एकच

पथ्याची सुरुवात बहुतेक घरांत चुकीच्या जागी होते. आजारी मुलाच्या ताटात उकडलेल्या भाज्या आणि बाकीच्यांच्या ताटात बटाटेवडे, ही व्यवस्था आठवडाभरही टिकत नाही. टिकली तर त्या मुलाला घरातले आपले वेगळेपण दिवसातून दोनदा दाखवून देते. बदल करायचा तर तो सर्वांच्या स्वयंपाकात करावा. त्यासाठी परदेशी धान्ये किंवा महागडी पूड आणण्याची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, पिठले, पालेभाजी, ताक, अंडी, मासे हे मराठी घरातले साधे जेवण या आजारासाठी उत्तमच आहे. प्रथिने आणि तंतू अधिक असल्याने पोट अधिक काळ भरलेले राहते. भात बंद करण्याऐवजी आधी भाकरी-उसळ आणि शेवटी थोडा भात असा क्रम ठेवला, तरी दुसऱ्या वाढणीचा भात आपोआप कमी होतो.

जेवणाहून अधिक लक्ष द्यावे लागते ते पेयांकडे. कंप थांबविण्यासाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी तोंडाला कोरड आणते आणि तहान शीतपेयांवर भागविली जाते. ६०० मिलिलिटरच्या साध्या कोलाच्या बाटलीत सुमारे ६० ग्रॅम साखर असते, म्हणजे डझनभर चमचे. दिवसाकाठी सहा कप गोड चहाचेही गणित जवळपास तेवढेच होते. चहा तोडायला सांगण्यापेक्षा कपाचा आकार आणि साखरेचा चमचा लहान करणे अधिक साधते. कोरड पडलेल्या तोंडासाठी पाण्याची बाटली सतत जवळ असावी. चघळायला बडीशेप किंवा लवंग चालते. कोरड्या तोंडात दात लवकर किडतात, म्हणून वर्षातून एकदा दंतवैद्याकडे जाणेही यात आले.

रात्रीच्या भुकेला ‘नाही’ म्हणता येत नाही, तिची तयारी ठेवता येते. फरसाण, बिस्किटे, चिवडा यांचे डबे घरात नसतील आणि फुटाणे, काकडी, भाजलेले मखाणे, उकडलेले हरभरे हाताशी असतील, तर भांडणाची वेळच येत नाही. सणासुदीच्या दिवसांत हा नियम मोडणार आणि तो मोडू द्यावा. उपवासाचा मात्र वेगळा विचार करावा लागतो. साबुदाणा, बटाटा आणि तूप यांनी भरलेला ‘उपवास’ साखर व वजन दोन्ही वाढवितो. ज्यांना लिथियम सुरू आहे त्यांनी पाणीही न पिता केलेला निर्जळी उपवास धोकादायक ठरू शकतो. शरीरातील पाणी घटले की लिथियमचे रक्तातील प्रमाण वाढते. याच कारणाने जुलाब-उलट्या झाल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे आणि अशा रुग्णाला आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके विचारल्याशिवाय देऊ नयेत.

व्यायामाबाबत पालकांची अपेक्षा बहुधा फार मोठी असते. ज्याला बिछान्यातून उठणेच जड जाते, त्याला व्यायामशाळेचे वार्षिक शुल्क भरून देण्याने काहीच साधत नाही. सोबतीने चालणे हा येथे सर्वाधिक उपयोगी पडलेला मार्ग आहे. आधी दहा मिनिटे, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग वीस, मग मैदानापर्यंत. आठवड्यातून सुमारे ९० मिनिटे दम लागेल असा व्यायाम केल्यास मनोविकृतीची लक्षणेही कमी होतात, असे २०१५ मधील एका एकत्रित अभ्यासात आढळले. औषधांच्या जोडीने योगासनांचा लाभ होतो, हे निम्हान्समधील चाचण्यांत दिसले आहे. तीव्र लक्षणे असताना दीर्घकाळ डोळे मिटून ध्यानाला बसविणे मात्र टाळावे. सकाळची गुंगी फारच असेल, तर गोळी संध्याकाळी थोडी लवकर देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. एवढ्या एका बदलाने कित्येकांची सकाळ मोकळी होते.

विडी-सिगारेटचा वेगळा पेच

तंबाखूमुळे होणारे नुकसान सर्वांना ठाऊक आहे. त्याचा औषधांशी असलेला संबंध फारसा ठाऊक नाही. विडी किंवा सिगारेटच्या धुरातील घटक यकृतातील एका विशिष्ट विकराला चालना देतात आणि तो विकर क्लोझापिन व ओलांझापिन ही औषधे लवकर नष्ट करतो. धूम्रपान करणाऱ्या रुग्णाला त्यामुळे अधिक मात्रा लागते. उलट, रुग्णाने एकाएकी विडी सोडली, मग ती पालकांच्या आग्रहाने असो, रुग्णालयात दाखल झाल्याने असो वा गावी गेल्याने, तर त्याच मात्रेत औषधाचे रक्तातील प्रमाण काही दिवसांत वाढते. अतिझोप, लाळ गळणे, तोल जाणे, क्वचित फिट येणे असे प्रकार मग घडतात. धूम्रपान सोडवायलाच हवे. मात्र सोडण्याचा दिवस डॉक्टरांना आधी कळवावा, म्हणजे मात्रा बेताने कमी करता येते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. मळलेला तंबाखू वा गुटखा खाणाऱ्यांत तो होत नाही. त्यांच्या तोंडाच्या कर्करोगाची चिंता मात्र कायम राहते.

मनाला बरे वाटते म्हणून त्याला सिगारेट तरी ओढू द्यावी, असा दयाभाव अनेक घरांत, आणि दुर्दैवाने काही रुग्णालयांतही, दिसतो. तो दूरदृष्टीचा नाही.

न बोलल्या जाणाऱ्या तक्रारी

काही दुष्परिणाम मुले सांगत नाहीत, कारण त्यांना लाज वाटते किंवा सांगून कोणी खरे मानणार नाही असे वाटते. रिस्पेरिडोन आणि अमिसल्प्राइड यांसारख्या औषधांनी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते. मुलींची पाळी थांबते वा लांबते, स्तनांतून दूध येते. मुलांमध्ये छाती वाढते, लैंगिक इच्छा कमी होते. ही स्थिती दीर्घकाळ राहिल्यास हाडे ठिसूळ होतात. पाळी चुकल्यावर घरात भलताच संशय घेतला गेल्याचे प्रसंग घडतात. वस्तुतः एका साध्या रक्तचाचणीने उलगडा होतो. मुलीशी आईने आणि मुलाशी वडिलांनी, किंवा ज्यांच्याशी त्यांचा मोकळेपणा असेल त्यांनी, हा विषय आपणहून काढावा.

मान एकाएकी वाकडी होणे, डोळे वर खिळून राहणे, जबडा अडकणे हा काही औषधांचा सुरुवातीच्या दिवसांतील परिणाम आहे. तो पाहून अंगात आले म्हणून देवऋषाकडे धाव घेण्याचे प्रकार आजही होतात. रुग्णालयात एका इंजेक्शनने बहुधा काही मिनिटांत आराम पडतो. एका जागी बसवत नाही, सतत येरझारा घालाव्याशा वाटतात, ही तक्रारही पुष्कळदा औषधाची असते; तिला आजार वाढला असे समजून मात्रा वाढविली गेली, तर त्रास दुप्पट होतो.

क्लोझापिन हे इतर औषधांना दाद न देणाऱ्या आजारावरचे सर्वांत प्रभावी औषध मानले जाते आणि त्याची राखणही सर्वांत अधिक करावी लागते. रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटण्याचा संभव असल्याने सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. ताप किंवा घसादुखी झाल्यास घरगुती काढ्यावर न थांबता त्याच दिवशी रक्ततपासणी करावी. पहिल्या काही आठवड्यांत छातीत दुखणे, धाप, धडधड जाणवल्यास हृदयाची तपासणी व्हावी. यातील सर्वांत दुर्लक्षित धोका बद्धकोष्ठतेचा आहे. क्लोझापिनने आतड्यांची हालचाल मंदावते, कधी जवळजवळ थांबते आणि त्यात मृत्यूही झालेले आहेत. तीन दिवस शौचाला न होणे, पोट फुगणे, उलट्या होणे ही रुग्णालयात नेण्याची लक्षणे आहेत.

विदर्भ-मराठवाड्यापासून उत्तर भारतापर्यंत उन्हाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. यांतील अनेक औषधे शरीराचे तापमान राखण्याच्या यंत्रणेत बाधा आणतात. ट्रायहेक्सिफेनिडिलने घामही कमी येतो. अशा रुग्णाला उष्माघात इतरांहून लवकर होतो. भर दुपारी बाहेर पाठवू नये, पाणी मागण्याची वाट न पाहता द्यावे. खूप ताप, शरीर लाकडासारखे ताठ होणे, घाम आणि बरळणे अशी लक्षणे एकत्र दिसल्यास तो न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम हा दुर्मीळ परंतु जीवघेणा प्रकार असू शकतो. अशा वेळी पुढची गोळी न देता तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि सुरू असलेल्या औषधांची वही सोबत घ्यावी.

मनोरुग्णाने छातीत दुखते, पोटात कळ येते असे सांगितले तर ‘हे त्याचे नेहमीचेच’ म्हणून सोडून देण्याची प्रवृत्ती घरांत असते, तशीच दवाखान्यांतही असते. एखाद्याला भास होतात म्हणून त्याची पोटदुखी भास ठरत नाही. तपासणी होईपर्यंत तक्रार खरीच मानून चालावे आणि डॉक्टरांकडेही तसा आग्रह धरावा.

औषध बंद करण्याचा मोह

एवढे दुष्परिणाम वाचल्यावर औषधच नको, असे एखाद्या पालकाला वाटणे समजण्यासारखे आहे. आकडे मात्र उलट सांगतात. फिनलंडमधील ६२ हजारांहून अधिक स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या नोंदींचा २० वर्षांपर्यंतचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. औषधे घेण्याच्या काळातील मृत्युदर औषधे न घेण्याच्या काळापेक्षा कमी होता आणि सर्वांत कमी मृत्युदर, वजन सर्वाधिक वाढविणाऱ्या क्लोझापिनच्या काळातला होता. आजार आटोक्यात असलेला माणूस जेवतो, झोपतो, तपासणीला येतो. उलटलेला आजार या साऱ्यावर पाणी पाडतो. वजनाची तक्रार असल्यास औषध बदलता येते, मात्रा कमी करता येते, जोडीला दुसरे देता येते. वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून ‘दुष्परिणामरहित’ चूर्ण सुरू करणे आणि गोळ्या गुपचूप बंद करणे, हा या आजारातील सर्वांत महाग पडणारा प्रयोग आहे.

काळजी आणि पाळत

आतापर्यंत सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीची एक दुसरी बाजू आहे. कुटुंबातील सततची टीका, राग आणि अतिगुंतवणूक यांमुळे आजार उलटण्याचे प्रमाण वाढते, हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले. चंडीगड येथील अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले, भारतीय कुटुंबांत असे टीकेचे वातावरण लंडनच्या तुलनेत बरेच कमी आढळले. ही जमेची बाजू ताटावरच्या कटकटीत गमावता कामा नये. ‘किती खातोस’, ‘बघ कसा झाला आहेस’ ही वाक्ये पालकाला काळजीची वाटतात. मुलाच्या कानावर ती टीका म्हणूनच पडतात. नातेवाइकांनी केलेली थट्टा तर मुली वर्षानुवर्षे विसरत नाहीत, आणि गोळ्या सोडून देण्यामागे वाढलेले वजन हे एक मोठे कारण असते.

म्हणूनच वही शक्यतो मुलाच्याच हातात असावी. डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे हे त्याच्याशी बोलून आधी लिहावे आणि विचारण्याची पहिली संधी त्याला द्यावी. १८ वर्षांवरील व्यक्ती स्वतःच्या उपचारांबाबत निर्णय घेण्यास सक्षम आहे, असे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गृहीत धरतो. तो २०१८ मध्ये लागू झाला. कोणते उपचार हवे वा नको हे आगाऊ लिहून ठेवण्याची आणि आपला प्रतिनिधी नेमण्याची सोय त्यात आहे. प्रकृती ठीक असतानाच मुलाने आई किंवा वडिलांना प्रतिनिधी नेमले, तर पुढे माहिती मिळविण्यात अडचण येत नाही. मानसिक आजाराला शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमासंरक्षण द्यावे, हे बंधनही याच कायद्याने विमा कंपन्यांवर घातले आहे. दावा नाकारला गेल्यास कायद्याच्या कलम २१ चा उल्लेख करून लेखी तक्रार करता येते.

पालकांचे स्वतःचे शरीर हा या विषयातील शेवटी राहून जाणारा भाग. मुलाच्या जागरणाबरोबर आईचे जागरण होते, वडिलांच्या रक्तदाबाची गोळी चुकते. मुलाच्या साखरेची तपासणी होईल त्याच दिवशी दोघांनीही आपली करून घेतल्यास एकाच फेरीत काम होते आणि आपण एकटेच आजारी आहोत, ही मुलाची भावनाही थोडी कमी होते.

मदतीची ठिकाणे देशभर आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत अनेक जिल्हा रुग्णालयांत मनोविकार विभाग चालतात आणि साखर व रक्तदाबाची तपासणी त्याच आवारात होऊ शकते. चेन्नईतील ‘स्कार्फ’ ही १९८४ मध्ये डॉ. शारदा मेनन यांनी स्थापन केलेली संस्था स्किझोफ्रेनियाग्रस्तांचे उपचार, पुनर्वसन आणि संशोधन या क्षेत्रांत काम करते. कॅनडात स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था रुग्ण व कुटुंबीयांचे स्वमदत गट चालविते. औषधाच्या नावापासून रात्रीच्या भुकेपर्यंतचे अनुभव अशा गटांत मोकळेपणाने सांगितले जातात. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसाचे चोवीस तास मराठीसह अनेक भारतीय भाषांत सल्ला मिळतो.